दार्ष्टान्तिकाची जागा : वसईच्या ख्रिस्ती गद्यातील वचन आणि रोजचा व्यवहार

ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा विचार मराठी समीक्षेने फार थोड्या ठिकाणी केला आहे, आणि जेथे केला तेथेही एक ठरीव वाट धरली आहे. १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’पासून ही वाट सुरू होते, रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या अभंगांपाशी थोडी विसावते आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’शी संपते. ‘क्रिस्तपुराणा’तील मराठीच्या प्रशस्तीच्या ओव्या पाठ्यपुस्तकांनी इतक्या वेळा वापरल्या आहेत की, हे पुराण भाषेच्या स्तुतीसाठीच रचले गेले असावे, असा विद्यार्थ्याचा समज व्हावा. दहा हजारांहून अधिक ओव्यांची ही रचना नव्याने धर्मांतर केलेल्या आणि जुनी पुराणे हातातून गेलेल्या श्रोत्यांच्या नित्य श्रवणासाठी झाली होती. वचन रोजच्या जगण्यात कसे मुरावे, हा तिच्यापुढचा मूळ प्रश्न होता. समीक्षेने भाषेचे कौतुक उचलले. हा प्रश्न मात्र धर्मशास्त्राच्या दारात ठेवून दिला.

त्यामुळे प्रवचन, चिंतनिका, बायबलचे विवरण, मासिकातील मननपर लेख हा गद्याचा मोठा प्रदेश वाङ्मयविचाराच्या बाहेर राहिला. त्याला ‘उपदेशपर’ म्हणून बाजूला सारणे सोपे असते. परंतु कीर्तनातील निरूपण आणि महानुभावांचे गद्य ज्या समीक्षेला अभ्यासविषय वाटते, तिला ख्रिस्ती निरूपणाचे वावडे का असावे, याचे समाधानकारक उत्तर तिच्यापाशी नाही. उपदेश हाही एक रूपबंध आहे. त्याची बांधणी, त्याचा श्रोता आणि त्याचे अपयश यांची चिकित्सा करता येते. किंबहुना बायबलमधील शिकवण रोजच्या श्रद्धाजीवनाला ‘लावून दाखविण्या’ची जी क्रिया या गद्याचा प्राण मानली जाते, ती मुळातच एक भाषिक क्रिया आहे, आणि तिच्या यशापयशाचे निकष वाङ्मयीनच आहेत.

या क्रियेसाठी मराठीपाशी स्वतःचा एक पारिभाषिक शब्द तेराव्या शतकापासून आहे. केसोबासांच्या ‘दृष्टान्तपाठा’त चक्रधरांचे सूत्र येते, मग त्यांनी सांगितलेला दृष्टान्त येतो आणि शेवटी केसोबासांनी लिहिलेले दार्ष्टान्तिक येते. दृष्टान्तातील कथा कोणत्या तत्त्वाला आणि कोणत्या आचरणाला लागू होते, ते दार्ष्टान्तिक सांगते. एकशे चौदा दृष्टान्तांच्या या ग्रंथात सूत्र आणि दृष्टान्त गुरूचे, दार्ष्टान्तिक शिष्याचे, ही विभागणी बोलकी आहे. गोष्ट सांगणारा आणि तिचा लागू अर्थ सांगणारा हे दोन वेगळे आवाज आहेत, त्यांच्यामध्ये काळाचे अंतर आहे, आणि त्या अंतरात अर्थ बदलू शकतो, याची जाणीव या रचनेतच आहे.

शुभवर्तमानांकडे या दृष्टीने पाहिले तर एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. येशूच्या अनेक दृष्टान्तांना दार्ष्टान्तिक नाही. जेथे आहे तेथे ते बरेचदा मागाहून जोडल्यासारखे भासते. मार्कच्या चौथ्या अध्यायात पेरणाऱ्याच्या दृष्टान्ताचे स्पष्टीकरण येते खरे. पण ते जमावाला नव्हे, शिष्यांना एकांतात दिलेले आहे. लूकच्या सोळाव्या अध्यायातील लबाड कारभाऱ्याची गोष्ट तर इतकी अडचणीची आहे की, तिच्यामागे एकापुढे एक अशी अनेक तात्पर्ये येतात आणि त्यांचा परस्परांशी मेळ बसत नाही. ही जणू वेगवेगळ्या प्रवचनांची टिपणे असावीत, अशी शंका सी. एच. डॉड यांनी १९३५ साली व्यक्त केली होती. दृष्टान्त आपल्या नेमक्या उपयोजनाविषयी श्रोत्याच्या मनात पुरेसा संशय शिल्लक ठेवतो आणि त्यायोगे त्याला विचाराला प्रवृत्त करतो, असे डॉड यांचे प्रतिपादन होते. दार्ष्टान्तिकाची रिकामी जागा हा अशा कथनाचा दोष नसून त्याचे बल होय, असा याचा अर्थ.

जुन्या करारातील नाथान संदेष्ट्याचा प्रसंग याच्या अगदी उलट वाटेल. दावीद राजाला तो एका गरिबाच्या एकुलत्या एका कोकराची गोष्ट सांगतो. राजा संतापून त्या श्रीमंताला दोषी ठरवितो, आणि मग तो माणूस दावीदच आहे, असे नाथान त्याच्या तोंडावर सांगतो. येथे दार्ष्टान्तिक आहे आणि ते अत्यंत आखूड आहे. त्याचे सामर्थ्य द्वितीयपुरुषात आहे. श्रोत्याने निवाडा देऊन टाकल्यावरच ते येते, म्हणून ते टाळता येत नाही. उपदेशपर गद्याची कसोटी लावायची झाल्यास या दोन टोकांपैकी एखाद्याजवळ ते जाते काय, हे पाहावे लागेल: एकतर जागा रिकामी ठेवावी, नाहीतर ती अशी भरावी की, श्रोत्याला पळवाट उरू नये. बहुसंख्य भाविक गद्य या दोहोंच्या मधल्या सुरक्षित पट्ट्यात वावरते. ‘आपण सर्वांनी’ असे म्हणणारे प्रथमपुरुषी अनेकवचन हा त्या पट्ट्याचा आवडता प्रयोग. त्यात कोणीच सापडत नाही.

हान्स-गेऑर्ग गाडामर यांनी १९६०च्या आपल्या ग्रंथात मांडलेला विचार येथे उपयुक्त ठरतो. आधी समजणे, मग विवरण आणि शेवटी उपयोजन, अशी क्रमवारी त्यांना मान्य नव्हती; उपयोजन हा समजण्याचाच घटक आहे, असे दाखविताना त्यांनी न्यायाधीशाचा निवाडा आणि धर्मोपदेशकाचे प्रवचन ही दोन उदाहरणे मुद्दाम घेतली. आज येथे बसलेल्या श्रोत्याला वचन काय सांगते, हे ज्याला उमगले नाही, त्याला वचनच उमगले नाही, असा याचा निष्कर्ष निघतो. मग श्रोता कोण आणि तो कोठे बसला आहे, हा प्रश्न व्याख्येच्या केंद्रस्थानी येतो.

वसईत या प्रश्नाला विशेष धार आहे. १५३० च्या दशकापासून १७३९ पर्यंतच्या पोर्तुगीज अमलात येथील ख्रिस्ती समाज घडला. उपासनेची भाषा दीर्घकाळ लॅटिन राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) वेदीवरून मराठी ऐकू येऊ लागली. पण ही मराठी म्हणजे श्रोत्याच्या घरातली बोली नव्हे. सामवेदींची कादोडी, वाडवळी, किनाऱ्यावरच्या कोळ्यांची बोली अशा अनेक बोली वसईच्या उंबऱ्याआड आहेत. लॅटिन गेली आणि तिच्या जागी प्रमाण मराठी आली, तेव्हा दुर्बोधता संपली; अंतर मात्र पुरते संपले नाही. ‘सुवार्ता’ मासिकाने आणि विशेषतः १९८३ ते २००७ या काळात त्याचे संपादक असलेल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांनी हे अंतर मराठी साहित्यभाषेच्या मार्गाने ओलांडण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, येथील त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. वसईच्या मननपर गद्याला मराठी वाङ्मयव्यवहाराने दिलेली ही पहिली ठळक पोच होती. ती पुरस्काराच्या रूपात आली, समीक्षेच्या रूपात नव्हे.

श्रोत्याचा दुसरा प्रश्न भूगोलाचा आहे. वसईचे ख्रिस्ती लेखन बहुतांशी रेल्वेमार्गाच्या पश्चिमेचे आहे. वाडी, विहीर, केळी, पानवेल, फुले आणि चर्चची घंटा हे त्याचे प्रतिमाविश्व. सातिवली पूर्वेला आहे. तुंगारेश्वराच्या डोंगराकडचा, मुंबई–अहमदाबाद महामार्गालगतचा हा भाग वालीव, गोखिवरे या परिसरांप्रमाणे कारखान्यांच्या गाळ्यांनी भरला. पश्चिमेच्या वाडीतला माणूस येथे गाळ्याचा मालक, पर्यवेक्षक किंवा कामगार म्हणून येऊ शकतो; त्याच्याशेजारी उभा असलेला हंगामी मजूर दूरच्या जिल्ह्यातला वा राज्यातला असतो. वसई–विरार महापालिका २००९ मध्ये आणि पालघर जिल्हा २०१४ मध्ये अस्तित्वात आला, तोवर ही सरमिसळ पुरती झालेली होती. मननपर गद्याच्या प्रतिमाविश्वात मात्र वाडी अजून हिरवी आहे आणि गाळा क्वचितच दिसतो. एरिक आउअरबाख यांनी ‘मिमेसिस’मध्ये (१९४६) दाखवून दिले की, पेत्राच्या नकाराचा प्रसंग अभिजात शैलीविचाराच्या चौकटीत बसत नाही, कारण तेथे एक मासेमारी करणारा माणूस, एक दासी आणि अंगणातला विस्तव यांच्या साध्या व्यवहाराला शोकान्त गांभीर्य लाभले आहे. शुभवर्तमानाचा वाङ्मयीन वारसाच असा क्षुद्र मानलेल्या जागांचा असेल, तर गाळ्याचे न दिसणे ही केवळ विषयाची उणीव ठरत नाही.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्यातल्या कामकऱ्यांचा दृष्टान्त येथे कसोटीला लावून पाहण्याजोगा आहे. कॅथलिक उपासनेच्या त्रैवार्षिक वाचनक्रमात तो ‘अ’ वर्षी रविवारी वाचला जातो, म्हणजे चर्चला जाणाऱ्याच्या कानावर तो दर तीन वर्षांनी येतो. मळ्याचा धनी पहाटे बाजारात जातो, दिवसाचा दर ठरवून माणसे लावतो. पुन्हा तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि शेवटी अकराव्या ताशी जातो. दिवस मावळताना सर्वांना सारखेच पैसे मिळतात आणि पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. याचे रूढ दार्ष्टान्तिक सर्वांना पाठ आहे: धनी म्हणजे देव, मळा म्हणजे त्याचे राज्य, दीनार म्हणजे तारण, उशिरा आलेले म्हणजे आयुष्याच्या अखेरीस वळलेले पापी. अर्थ चुकीचा नाही. पण त्यात मजुरी नाहीशी होते. कथेतील प्रत्येक मूर्त वस्तूला आत्मिक नाव मिळाले की, गोष्टीला जमिनीवर पाय टेकायला जागा उरत नाही. आडॉल्फ युलिशर यांनी १८८८ मध्येच रूपकात्मक वाचनाविरुद्ध जो आक्षेप घेतला होता, तो नेमका हाच.

आता हीच गोष्ट नाक्यावर ऐकली जाते, असे समजावे. औद्योगिक वस्तीलगतच्या नाक्यावर सकाळी डबा घेऊन उभे राहणाऱ्यांना अकरावा तास सांगावा लागत नाही. दहा वाजेपर्यंत कोणी बोलावले नाही, तर दिवस गेला, हे ते जाणतात. कथेतील धनी उशिरापर्यंत रिकामे उभ्या असलेल्यांना त्याचे कारण विचारतो, आणि आपल्याला कोणी कामावर लावलेच नाही, असे ते सांगतात. रूढ निरूपणात या उत्तराला काही काम नसते, कारण तेथे उशीर हा पाप्याचा दोष असतो. नाक्यावरच्या वाचनात सारा दृष्टान्त या उत्तराभोवती फिरतो. उशीर त्यांचा नव्हता. आणि दीनार ही एका दिवसाची मजुरी, म्हणजे घरात त्या दिवशी चूल पेटण्याइतकी रक्कम, हे एकदा ध्यानात आले की, धन्याची उदारता ही लहर राहत नाही. एका तासाच्या कामाने दिवसाची भूक एका तासाएवढी होत नसते, एवढा साधा हिशेब तीत असतो.

अनुवादकाची निवड येथे निर्णायक ठरते. ‘दीनार’ हा शब्द तसाच ठेवला तर ऐतिहासिक अंतर राखले जाते आणि रूपकाला मोकळीक मिळते. मराठीत मात्र ‘रोज’ हा शब्द हाताशी आहे. रोज म्हणजे दिवस, रोज म्हणजे नित्य, आणि रोज म्हणजे दिवसाची मजुरीही. प्रभूच्या प्रार्थनेत भाकरीला जोडून येणारे ‘रोजची’ हे विशेषण आणि नाक्यावर ठरणारा रोज यांचे मूळ एक आहे, ही फारसी शब्दाने मराठीला दिलेली अकल्पित देणगी म्हणावी लागेल. ग्रीक संहितेत भाकरीला लावलेले विशेषण इतके दुर्मीळ आहे की, त्याच्या अर्थाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मराठीत ते रोजंदारीवाल्याला आपोआप कळते. ‘दैनंदिन श्रद्धाजीवन’ हा जड संस्कृत समास मननपर गद्यात सतत आढळतो; त्यातला ‘दैनंदिन’ ‘रोज’मध्ये बदलून वाचला तर त्या गद्याचा बराच भाग अडखळू लागतो.

आणखी दोन शब्दांकडे पाहण्यासारखे आहे. ग्रीक ‘मेतानोइया’ म्हणजे मनाचे वळणे. मराठी अनुवादपरंपरेत त्यासाठी ‘पश्चात्ताप’ स्थिरावला. पश्चात्तापाचे तोंड मागे असते. तो ताप आहे आणि नंतरचा आहे. मेतानोइयाचा रोख पुढच्या वाटेकडे आहे. आध्यात्मिक वाढीची कल्पना पश्चात्तापावर उभी केली की, ती अपराधभावनेच्या पुनरावृत्तीत अडकते, आणि वसईच काय, एकूणच ख्रिस्ती मराठी प्रवचनाच्या रडव्या सुराचे एक कारण या एका शब्दात शोधता येईल. दुसरा शब्द ‘नीतिमत्त्व’. डोंगरावरील प्रवचनात ज्याची तहानभूक धन्य म्हटली आहे, त्या ग्रीक ‘दिकायोसिने’त व्यक्तीचा सदाचार आणि समाजातील न्याय हे दोन्ही अर्थ एकजीव आहेत. ‘नीतिमत्त्वा’त दुसरा अर्थ क्षीण होतो. दिब्रिटोंच्या पुढाकाराने १९८० च्या दशकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनाकडे त्या शब्दावरचे भाष्य म्हणून पाहता येते. जमीन आणि पाणी यांच्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या धर्मगुरूच्या वाचनात ती तहानभूक केवळ स्वतःच्या शुद्ध आचरणाची नव्हती, हे उघड आहे. तो अर्थ त्यांच्या कृतीत जितका स्वच्छ उमटला, तितका त्यांच्या मननपर गद्यात नेहमी उमटला असे म्हणवत नाही. दिब्रिटोंचे गद्य समन्वयशील आहे. बायबलमधील प्रसंगाशेजारी ज्ञानदेव वा तुकोबांना आणून बसविण्याची त्यांची पद्धत वाचकाला आश्वस्त करते, परकेपण घालवते. तिचे सांस्कृतिक मोल मोठे आहे. परंतु साम्य दिसले की, घर्षण संपते. दोन परंपरांचा मेळ हेच दार्ष्टान्तिक होऊन बसते, आणि मूळ वचनाने श्रोत्याकडून जे मागितले होते, ते मागणे मागे पडते. ‘सुबोध’ या विशेषणात हा लाभ आणि ही हानी, दोन्ही सामावलेली आहेत.

सुबोधतेचा दुसरा मार्ग मराठीत पूर्वीच चोखाळला गेला होता. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात हिब्रू आणि ग्रीकवरून केलेला बायबलचा अनुवाद त्यांच्या १९२२ मधील निधनानंतर दोन वर्षांनी पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. संस्कृतवर असामान्य प्रभुत्व असलेल्या या विदुषीने अनुवादात संस्कृतप्रचुर धर्मपरिभाषा कटाक्षाने टाळली, कारण तिचे वाचक पंडित नव्हते. मुक्तिसदनात आश्रय घेतलेल्या, नुकत्याच अक्षरओळख झालेल्या स्त्रिया तिच्यापुढे होत्या. रमाबाईंचा अनुवाद साहित्यिक दृष्ट्या खडबडीत आहे, आणि तो सार्वत्रिक प्रचारात राहिला नाही. तरीही श्रोता आधी आणि शब्द नंतर, ही त्यामागची भूमिका मराठी अनुवादविचारात आजही पुरेशी पचलेली दिसत नाही. दिब्रिटोंची सुबोधता साहित्याच्या वाचकाकडे पाहते, रमाबाईंची निरक्षरतेच्या उंबरठ्याकडे. सातिवलीतल्या श्रोत्याला यांपैकी कोणती जवळची, याचे उत्तर सोपे नाही. तो शिकलेला आहे, मोबाईलवर वाचतो, परंतु साहित्याचा वाचक नाही.

वचनाचे रोजच्या व्यवहारात उतरणे ज्या मराठी कृतीत सर्वाधिक परिणामकारकपणे दिसते, ती उपदेशपर नाहीच. ‘स्मृतिचित्रे’मध्ये टिळकांच्या १८९५ मधील बाप्तिस्म्यानंतरची लक्ष्मीबाईंची वर्षे आहेत. त्या नवऱ्याजवळ येऊनही सोवळे सांभाळतात, स्वयंपाक वेगळा ठेवतात, आणि मग एके दिवशी जातिभेदाचा त्यांचा पीळ त्यांच्याच विचारातून सुटतो. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, या अगदी घरगुती प्रश्नावर हा पालट घडतो. लक्ष्मीबाई तेथे प्रवचन करीत नाहीत. गंमत अशी की, त्या स्वतःचीच थट्टा करतात, आणि ती थट्टाच दार्ष्टान्तिकाचे काम करते. वचनाला पाणी, चूल आणि भांडी यांच्याशी सामना करावा लागतो, तेव्हा ते जिंकते की नाही, हे वाचकाला आगाऊ कळत नाही. उपदेशपर गद्यात ते नेहमी आधीच जिंकलेले असते. भक्तिपर गद्याने आत्मकथनाकडून घ्यावे असे काही असेल, तर ही अनिश्चितता.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट या संदर्भात पुन्हा वाचता येईल. शास्त्र्याचा प्रश्न ‘माझा शेजारी कोण’ असा असतो. गोष्ट संपते तेव्हा येशू तोच प्रश्न उलटवून, त्या जखमीचा शेजारी कोण झाला, असे विचारतो. मराठी ‘शेजारी’ हा शब्द जागेचा आहे, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्याचा. ‘शेजारी असणे’ मराठीला सहज जमते, ‘शेजारी होणे’ अवघड वाटते, कारण व्याकरणाला त्याची सवय नाही. पश्चिमेच्या वाडीत शेजार पिढ्यांचा असतो, नातेगोत्याचा असतो. महामार्गालगतच्या गाळ्यांच्या ओळीत शेजार तात्पुरता, भाड्याचा. तेथे ‘असणे’ जवळजवळ शिल्लक राहिलेले नाही. जे काही आहे ते ‘होणे’च. या दृष्टान्तातील क्रियापदाचा पालट वसईच्या मननपर गद्याने जितक्या वेळा सांगितला आहे, त्या मानाने त्या क्रियापदाला योग्य अशी जागा त्याने क्वचित दाखविली आहे.

आध्यात्मिक वाढ ही कल्पना मांडताना हे गद्य बहुधा पायऱ्यांची प्रतिमा वापरते: प्रार्थना, वाचन, त्याग, सेवा, अशा चढत्या क्रमाने. ही प्रतिमा मठाच्या जीवनातून आली आहे आणि तिला स्वतःची प्रतिष्ठा आहे. पण मार्कच्या चौथ्या अध्यायात वाढीची एक वेगळी गोष्ट आहे. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी कसे रुजते व वाढते, ते त्याला कळत नाही; भूमी आपणहून पीक देते. तेथे पायरी नाही, प्रयत्नाचा हिशेब नाही, आणि वाढणाऱ्याला आपल्या वाढीचे ज्ञानही नाही. भात लावणाऱ्या आणि पानवेल जोपासणाऱ्या वसईला ही गोष्ट परकी वाटू नये. सातिवलीच्या गाळ्यात, जेथे उत्पादन तासावर मोजले जाते, ती कदाचित अधिकच चमत्कारिक वाटेल. पेरणाऱ्याच्या दृष्टान्ताला त्याच अध्यायात स्पष्टीकरण मिळाले. या गोष्टीला मार्कने एका ओळीचेही दार्ष्टान्तिक दिलेले नाही. मत्तय आणि लूक यांनी तर ती घेतलीच नाही.